फणसावरून नेलेली तार

माझं नाव धाकलू, पण घरात थोरला मीच. माझ्या आधीची दोन मुलं जगली नाहीत, म्हणून दृष्ट लागू नये यासाठी आईने मला धाकलू करून टाकलं. पुढे गणपती झाला, खरा धाकटा आला, तरी माझं नाव कोणी बदललं नाही. मी थोरला आहे हे मला जन्मभर ओरडून सांगावं लागलं आणि ओरडायची सवय तिथूनच लागली. माझी बायको फुला म्हणते, तुमचा राग नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो. तिला जवळून दिसतं, म्हणत असेल.

नंदिगड्डा गावाच्या अलीकडे रानात आमची दोन घरं आहेत. एक माझं, एक गणपतीचं. मध्ये वई, म्हणजे काटेरी कुंपण, आणि वईत एक जुना फणस, दोघांच्या हक्काचा. सहा वर्षं आम्ही भाऊ एकमेकांशी बोललो नव्हतो. कारण विचाराल तर सामाईक झऱ्याचा पाइप. एका एप्रिलमध्ये तो मी दोन दिवसांसाठी म्हणून माझ्या सुपारीकडे वळवला. दोनाचे आठ दिवस झाले आणि त्याची चाळीस रोपं वाळून गेली. तो विचारायला आला तर मी म्हणालो, "रोपं तुजी, लक्ष कोण ठेवायचं?" तेव्हापासून तो माझ्या अंगणात आला नाही, मीही बोलावलं नाही.

जानेवारीत एका सहकारी संस्थेची जाहिरात आली. मध, कोकम, आपल्याकडचे कंद असं सगळं ही संस्था बाहेर विकते. त्यांना आमच्या भागातली एक मुलगी हवी होती, घरी बसून कॉम्प्युटरवर ऑर्डरी घ्यायला. काम कायमचं आणि जागा एकच. रविवारी दहा ते बारा परीक्षा, तीही कॉम्प्युटरवरच, कॅमेऱ्यासमोर. एका मशीनवर एकच मुलगी, मोबाइल चालणार नाही.

माझी रक्षा बी. कॉम. होऊन दोन वर्षं घरात बसली होती. ही नोकरी नाही मिळाली तर गोव्याला काजूच्या कारखान्यात जायचं ठरलेलं. म्हणून या जाहिरातीने मी खूश होतो. आणि माझा आनंद बघवत नसल्यासारखी ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"आप्पा, सोनियाबी परीक्षा देणार हाय."

सोनिया म्हणजे गणपतीची मुलगी. आठवा महिना लागलेला, बाळंतपणाला माहेरी आलेली. नवरा गोव्याला हॉटेलात. तिथली एक खोली, त्यात चार माणसं, बाळ घेऊन तिथे परत जायचं नाही म्हणून तिलाही हीच नोकरी हवी होती. जोयड्याला जाऊन परीक्षा दिली असती, पण डॉक्टरने बसमध्ये बसायला साफ मनाई केली होती.

"दे म्हणावं," मी म्हणालो.

"तिच्याकडं मशीन हाय, नेटची लाइन न्हाई. आपल्या लाइनवर दोन मशीन चालतात. तूच सांगितलंस."

"मी काय धर्मशाळा काढलोय?"

"तिला लाइन न्हाई दिलास तर मीबी बसणार न्हाई."

पोरगी माझीच, हट्टही माझाच. सोनियाला आमच्या घरी येऊन बसू दे म्हणावं तर गणपतीने निरोप धाडला, की माझी पोरगी त्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही. तार आली तर चालेल म्हणे. माणसाचा विटाळ, तारेचा नाही. मी दिवसभर धुसफुसलो आणि दुसऱ्या दिवशी रामनगरला जाऊन सामान घेऊन आलो.

हे काम मला येतं. पंधरा वर्षं मी टेलिफोनच्या कंत्राटदाराकडे तारा ओढल्या आहेत, आमच्या घरी लाइन आली तीही त्याच ओळखीने. आमचं मशीन एका ऑफिसने मोडीत काढलेलं, गणपतीचं लोंढ्याहून कोणाचं तरी वापरलेलं आणलेलं. दोन्ही इतकी जुनी, की चालू करून माणूस चहा पिऊन येईल. आमच्या मशीनला मागे तारेचं एकच तोंड होतं, त्यात मोडेम. म्हणून एक जुनं कार्ड घालून दुसरं तोंड बसवलं. तिथून चाळीस मीटर तार आमच्या कौलांवरून फणसावर, फणसावरून गणपतीच्या खिडकीत. एवढी जुनी मशीनं थेट जोडायची तर तारेच्या एका टोकाला आतल्या बारीक तारांच्या जोड्या उलट बसवाव्या लागतात. मग आमच्या मशीनवर एक खूण करायची, की आलेली लाइन पुढे वाट. झालं. फक्त एक गोष्ट. लाइन आमच्या मशीनमधून पुढे जाते. आमचं मशीन चालू तोवर त्यांची लाइन चालू.

शनिवारी दुपारी तार टाकली. मी शिडीवर, गणपती वईच्या पलीकडे तीन हातांवर, आणि बोलणं सगळं सोनियाच्या मार्फत.

"सोनिया, त्यास्नी सांग, तार फांदीला आवळू नका म्हणावं."

"सोनिया, त्याला सांग, तारा कोण ओढलंय पंधरा वर्षं."

सोनिया पोटावर हात ठेवून खिडकीत हसत होती. "दोडप्पा, पिवळं तिकोण येतंय बघा!" दोडप्पा म्हणजे मोठा काका, मला असं म्हणणारी ती एकटीच. पिवळा त्रिकोण म्हणजे लाइन पोचली नाही. पहिल्यांदा मी दोन्ही टोकं सरळच बसवली होती, माझीच चूक. पण ती मी तारेच्या माथी मारली आणि एक टोक कापून नवं बसवलं. त्या गडबडीत शिडी घसरली. खाली बघतो तर गणपतीने वईतून अर्धं अंग घालून शिडी धरली होती. दंडाला काटे लागून रक्त आलं होतं. मी उतरलो, तो दंड पुसत घरात गेला. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो, म्हणून मी फुलावर ओरडलो. पाच मिनिटांनी खिडकीतून सोनियाचा आवाज आला, "आली लाइन!"

आता आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. इकडे करंटचा भरवसा नाही, रविवारी तर तो हमखास जातो. म्हणून ओढ्यावर मी लहान चक्र बसवलं आहे, त्यावर बॅटरी भरते आणि घर चालतं. गणपतीकडे त्याची वेगळी सोय आहे. जानेवारीत ओढ्याला पाणी कमी, त्यामुळे माझ्या घरात एकच कायदा. मशीनपुढून उठलं की भिंतीवरचा बॅटरीचा मेन खटका खाली. नुसतं मशीन बंद करून भागत नाही, खटका खाली आलाच पाहिजे. यावरून मी रक्षाला लहानपणापासून इतकं झापलं आहे, की ती पाहुण्यांकडे गेली तरी उठताना भिंतीकडे बघते. मी स्वतः तर झोपेत चालत जाऊन खटका पाडीन. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात.

रविवारी सकाळी रक्षाने मला बजावलं. "आप्पा, माझं आधी संपलं तरी बारापर्यंत खटक्याला हात न्हाई."

"मला शिकवतेस? लाइन जोडली कोण?"

दहाला परीक्षा सुरू झाली. करंट साडेनऊलाच गेला होता. मी ओसरीवर बसून बॅटरीचा दिवा बघत होतो. सव्वादहाला हिरवा, अकराला पिवळा. आत रक्षाच्या बोटांचा आवाज, पलीकडून सोनियाच्या बोटांचा. मध्ये फणसावर तार हलत होती आणि एक माकड तिच्याकडे बघत बसलं होतं. मी त्याला दगड मारला. दर पाच मिनिटांनी उठून मी मोडेमचे दिवे बघून येत होतो. रक्षा मान न वळवता हाताने मला घालवत होती.

साडेअकराला गणपतीची बायको सुंदरी वईजवळ आली आणि फुलाला म्हणाली, "आमच्या सोनियाचं सगळं बरोबर यायलंय बगा. कालेजात पहिलीच यायची ती." फुला बिचारी "बरं झालं की" म्हणाली. मला मात्र झोंबलं. माझ्या बॅटरीवर, माझ्या तारेवर, आणि वर माझ्याच वईशी येऊन तोरा! मी दात आवळून बसलो.

अकरा पस्तीसला रक्षा बाहेर आली. घामाने निथळत होती, पण हसत होती. "शंभरच्या शंभर सोडवलं, आप्पा. धाडून दिलं." आणि तोंड धुवायला मागे न्हाणीकडे गेली.

मी आत गेलो. खुर्ची रिकामी होती, पंखा फिरत होता, बॅटरीचा दिवा पिवळ्याचा लाल होत होता. मी खटका खाली ओढला. पंखा थांबला, मशीनची घरघर थांबली, घरात एकदम शांत झालं. मी बाहेर येऊन ओसरीवर बसलो आणि पान लावायला घेतलं.

पानाला चुना लावून झाला आणि पलीकडून किंकाळी आली. "दोडप्पा! दोडप्पा, लाइन गेली!"

तिने बापाला हाक मारली नाही, मला मारली. मी उठलो. मिनिटभर तरी मी तिथेच पान हातात धरून उभा होतो. मग आत धावलो आणि खटका वर केला. मागे सावली पडली म्हणून वळलो तर दारात गणपती. वई ओलांडून, सहा वर्षांनी माझ्या उंबऱ्यात. त्याची नजर माझ्या हातावर होती आणि माझा हात खटक्यावर.

तेवढ्यात रक्षा ओल्या तोंडाने आली. "काय झालं?"

"बॅटरी बसली," मी म्हणालो.

गणपती माझ्याकडे बघत राहिला. वळला आणि पोरीकडे गेला.

अकरा त्रेचाळीस झाले होते. परीक्षेचं घड्याळ थांबत नाही, लाइन असो वा नसो. पडदा काळा, मग पांढरी अक्षरं आली, की मशीन नीट बंद केलं नव्हतं, आता आतलं सगळं तपासतो. टक्के मोजायला लागलं. चार. नऊ. अकरा. असल्या वेळी एक बटण दाबून तपासणी सोडून देता येते, पण त्याला दहा सेकंद मिळतात आणि ती मी दाराकडे बघण्यात घालवली होती. मधेच बंद केलं तर मशीन उठेलच याची खात्री नाही. रक्षा माझ्या शेजारी गुडघ्यावर बसली होती. तिचे ओठ हलत होते.

"किती राहिलं म्हणे तिचं?" मी विचारलं.

"तीस. सुंदरीकाकू रडाय लागल्यात."

अठ्ठेचाळीस टक्क्यांवर ते दोन मिनिटं अडून बसलं. मी देवाला नवस बोललो, मग शिव्या दिल्या, मग परत बोललो. अकरा एकावन्नला निळा पडदा आला. मोडेमचे दिवे आले. आमची लाइन आली. मी ओरडलो, "आली का गं?"

"न्हाई!" पलीकडून सोनिया रडत म्हणाली. "पिवळं तिकोणच हाय!"

मग लक्षात आलं. ही जुनी मशीनं बंद होऊन उठली, की वाटायची खूण दिसते जागेवर पण काम करत नाही. ती काढून परत करावी लागते. काढली, परत केली. एक मिनिट काहीच नाही. मग खिडकीतून नुसता बटणांचा आवाज यायला लागला, पटापट, न थांबता. अकरा पंचावन्न. आम्ही दोघं श्वास धरून तो आवाज ऐकत राहिलो. बाराला तो थांबला.

गुरुवारी निकाल आला. रक्षा पहिली, सोनिया दुसरी. मधे पाच गुण. सोनियाचे एकोणीस प्रश्न कोरे राहिले होते. शाळेचं गणित ज्याला येतं त्याला पुढचं सांगायला नको.

रक्षाला आनंद झाला नाही. होकार कळवायला मंगळवारपर्यंत मुदत होती, पण ती मशीनपुढे बसली नाही. ती वई ओलांडून सोनियाकडे गेली आणि तिथून सुंदरीचा आवाज माझ्या ओसरीपर्यंत आला. "तुज्या बापानं पाडली लाइन. माज्या पोरीच्या पोटावर पाय दिला." मी कान बंद करू शकत नव्हतो. मग माझ्या पोरीचा आवाज आला, बारीक पण खणखणीत.

"माझा आप्पा रागीट हाय, काकू. खोटा न्हाई."

मला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

सुंदरी गप्प बसणारी नाही. आमच्यात असं काही उद्भवलं, की देवापुढे नारळ उचलायचा. मी केलं नाही, असं नारळ हातात घेऊन म्हणायचं, की मग गावात कोणी विषय काढत नाही. खोटं म्हणाल तर ते घरातल्या पोराबाळांवर जातं. तिने चार घरांत जाऊन सांगितलं, धाकलूनं सोमवारी नारळ उचलावा. रक्षाने हे ऐकून माझा हात धरला.

"उचल की, आप्पा. बॅटरी बसली तर बसली. एकदा उचललास की सगळ्यांची तोंडं बंद. मग मी होकार कळवते."

"उचलतो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. खटका मी पाडला हे तर खरंच. सवयीने पाडला, असं मी मनाला सांगत होतो. पण सुंदरी वईजवळ काय बोलली ते मी ऐकलं होतं, रक्षाने सकाळी बजावलं होतं ते आठवत होतं, आणि ती तार मीच जोडली होती. मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? मी तो क्षण पुन्हा पुन्हा आठवून बघितला. रिकामी खुर्ची दिसते, लाल दिवा दिसतो, हात वर जाताना दिसतो. हात वर नेणाऱ्याच्या मनात काय होतं ते दिसत नाही. देवाला काय सांगायचं?

रविवारी दुपारी गणपती आला. दारातून नाही, वईतूनच, आणि ओसरीच्या पायरीवर बसला. फुलाने न विचारता चहा टाकला.

"अण्णा," तो म्हणाला. सहा वर्षांनी. "उद्या नारळ उचलू नको."

"का?"

"मी बघितलो तुला. खटका वर करताना. कुणाला सांगितलो न्हाई, सुंदरीलाबी न्हाई. खोटं बोललास तर रक्षावर जाईल. ती माजीबी पोरगीच हाय."

मी पानाचा डबा जवळ ओढला.

"सवयीनं झालं रे," मी म्हणालो. "देवाशपथ, सवयीनं..."

"शपथ घेऊ नको म्हणूनच आलोय न्हवं." तो माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, तेच मला सोसेना. "तुजी पोरगी आत, माजी पोरगी आत. जागा एक. अण्णा, मशीन माज्या घरात असतं तर मीबी पाडलो असतो. झालं ते झालं. पर एकदा मला खरं सांग. झऱ्याच्या पाण्याचंबी कधी सांगितलास न्हाई. आता तरी म्हण. मी सुंदरीला समजावतो, नारळ नको म्हणून सांगतो. पाडलास न्हवं, मुद्दाम?"

फुलाने चहा आणून ठेवला. त्याने कप उचलला, पण ओठाला लावला नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी नाही म्हणालो असतो तर तो कप खाली ठेवून उठून गेला असता, आणि मग मेल्यावरच खांदा द्यायला आला असता. हो म्हणालो तर माझा भाऊ माझ्या पायरीवर बसून चहा पिणार होता. आणि खरं काय, ते मला ठाऊक नव्हतं.

"व्हय," मी म्हणालो. "पाडलो मी. चुकलं माजं."

गणपतीने एक मोठा श्वास सोडला आणि चहाचा घोट घेतला. माझ्या छातीवरचा दगड उतरला, खोटं कशाला सांगू? मला रडूच आलं. डोळे पुसायला मी मान फिरवली तर आतल्या दारात रक्षा उभी होती. उद्यासाठी सोलून ठेवलेला नारळ तिच्या हातात होता, शेंडी नीट राखलेली, हळद-कुंकू लावलेला.

"रक्षा," मी म्हणालो.

ती बाहेर आली, नारळ माझ्या शेजारी ओसरीवर ठेवला, काकाच्या बाजूने पायरी उतरली आणि वई ओलांडून सोनियाकडे गेली.